अतिउत्तरेकडील सर्वांत लहान दिवस कसा पाहावा

उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो शहरात २१ डिसेंबरला सूर्य उगवत नाही. एवढे एकच वाक्य ऐकून अनेक जण तेथे चोवीस तास काळोख असणार असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात त्या दिवशी सकाळी साडेनऊपासून दुपारी पावणेदोनच्या पुढेपर्यंत, आकाश निरभ्र असेल तर, दिव्याशिवाय सहज चालता येईल इतका उजेड असतो, आणि त्या चार तासांत जे रंग आकाशात रेंगाळतात ते इतरत्र सूर्य मावळल्यावर काही मिनिटांतच विरून जातात. हा दिवस पाहायला गेलेले लोक हिरमुसून परततात त्याचे कारण बहुधा हेच असते की उजेडाचे ते चार तास त्यांनी झोपेत, जेवणात किंवा बसप्रवासात घालवलेले असतात. म्हणून आधी तो उजेड किती आणि केव्हा मिळेल हे काढावे आणि मग त्याभोवती उरलेला दिवस बेतावा, असा माझा आग्रह आहे.

सूर्य क्षितिजाखाली किती आहे, हे आधी काढावे

पृथ्वीचा अक्ष २३.४४ अंशांनी कललेला असल्यामुळे डिसेंबरच्या अयनदिनी, म्हणजे उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवशी, सूर्य मकरवृत्तावर डोक्यावर येतो. उत्तर गोलार्धातील कोणत्याही ठिकाणी त्या दिवशी मध्यान्हीचा सूर्य किती उंचीवर असेल हे काढण्यासाठी ९० मधून त्या ठिकाणचा अक्षांश वजा करावा आणि मग आणखी २३.४४ वजा करावेत. ट्रोम्सोचा अक्षांश ६९.६५ अंश आहे, त्यामुळे उत्तर येते उणे ३.०९. म्हणजे भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजाच्या जेमतेम तीन अंश खाली असतो. हात पूर्ण लांब करून धरल्यास दोन बोटांच्या रुंदीएवढे हे अंतर आहे, आणि ते एकदा मनात पक्के बसले की तेथील उजेडाचे आश्चर्य वाटत नाही.

या हिशेबात एक दुरुस्ती करावी लागते. वातावरण प्रकाशकिरणांना वाकवते, शिवाय सूर्य हा बिंदू नसून त्याला बिंब आहे. या दोन्ही कारणांमुळे सूर्याचा मध्य क्षितिजाच्या ०.८३ अंश खाली असतानाच बिंबाची वरची कड दिसू लागते. म्हणून आर्क्टिक वृत्तावर, म्हणजे सुमारे ६६.५६ अंशांवर, सर्वांत लहान दिवशीही सपाट क्षितिज असेल तर सूर्य थोडा तरी दिसतो, आणि सूर्यहीन दिवस खऱ्या अर्थाने सुरू होतो तो ६७.४ अंशांच्या उत्तरेला. आर्क्टिक वृत्ताला अगदी लागून असलेल्या फिनलंडमधील रोव्हानिएमीत म्हणूनच त्या दिवशी सुमारे सव्वादोन तास सूर्य क्षितिजाला चिकटून सरकत जातो. त्याला पाहायचे असेल तर दक्षिणेकडे झाडे आणि टेकड्या आड येणार नाहीत अशी जागा मात्र शोधावी लागते.

पुढचा टप्पा संधिप्रकाशाचा. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असताना जो असतो तो नागरी संधिप्रकाश, बारा अंशांपर्यंत नाविक आणि अठरा अंशांपर्यंत खगोलीय. नागरी संधिप्रकाशात बाहेरची बहुतेक कामे दिव्यावाचून होतात. नाविक संधिप्रकाशात डोंगर आणि आकाश यांची वेगळी कड ओळखू येते, पण पायाखालची वाट नीट दिसत नाही. खगोलीय संधिप्रकाश सामान्य डोळ्याला रात्रच वाटते. या मर्यादा वरच्या सूत्रात घातल्या की नकाशा आपोआप तयार होतो. ६७.४ ते ७२.५६ अंशांच्या पट्ट्यात अयनदिनी मध्यान्ही नागरी संधिप्रकाश मिळतो; स्वीडनमधील किरुना, रशियातील मुर्मान्स्क, ट्रोम्सो आणि अलास्कातील उत्कियाग्विक ही सारी ठिकाणे या पट्ट्यात येतात. स्वालबार द्वीपसमूहातील लाँगयिअरब्येन ७८.२२ अंशांवर आहे आणि तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजाच्या ११.६६ अंश खाली असतो, म्हणजे नाविक संधिप्रकाशाच्या अगदी शेवटच्या कडेला. तेथे दुपारी बारा वाजता दक्षिणेकडे एक फिकट निळसर पट्टा दिसला तर दिसतो. ८४.५६ अंशांच्या पलीकडे तेवढेही नसते.

तारखेविषयी

अयनाचा क्षण २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. २०२६ मध्ये तो नॉर्वेच्या घड्याळाप्रमाणे २१ डिसेंबरला रात्री ९ वाजून ५० मिनिटांनी आहे, आणि २०२७ मध्ये २२ डिसेंबरला पहाटे पावणेचारच्या सुमारास. पण या एका तारखेला चिकटून बसू नये. अयनाच्या आधीचे आणि नंतरचे पाच दिवस धरले तरी सूर्याच्या स्थितीत एक दशांश अंशापेक्षा कमी फरक पडतो, आणि इतका फरक डोळ्याला कळत नाही. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर डिसेंबरात ढग सलग दोन-तीन दिवस बसून राहू शकतात. एकाच दिवसासाठी गेलेला माणूस नुसते करडे आकाश पाहून परत येईल. म्हणून निदान चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत. ते दिवस २४ डिसेंबरपर्यंत लांबणार असतील तर खाण्यापिण्याचे सामान आधीच आणून ठेवावे, कारण नॉर्वेत त्या दिवशी दुकाने लवकर बंद होतात आणि २५ व २६ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी असते.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्कँडिनेव्हियात १३ डिसेंबरला संत लुसियाच्या नावाने मेणबत्त्या घेऊन मिरवणूक काढतात आणि तिच्या आदल्या रात्रीला वर्षातील सर्वांत मोठी रात्र मानण्याची जुनी समजूत आहे. ती समजूत निराधार नाही. मध्ययुगात ज्युलियन दिनदर्शिका ऋतूंच्या मागे पडत गेल्यामुळे अयन खरोखरच या तारखेच्या आसपास येत असे.

कोठे जावे

पहिल्यांदा जाणाऱ्याने ६८ ते ७० अंशांमधले ठिकाण निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे सूर्य नसण्याचा अनुभव मिळतो आणि रंगांचा उजेडही मिळतो. आइसलँडमधील रेक्याविकला त्या दिवशी सुमारे चार तास सूर्य असतो. तो दिवस सुंदर असला तरी वेगळ्या जातीचा आहे. लाँगयिअरब्येनला जाणाऱ्याने आपण संधिप्रकाश पाहायला नव्हे, तर अखंड रात्र अनुभवायला चाललो आहोत हे ध्यानात ठेवावे. तेथे वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलांचा धोका असतो आणि अंधारात अस्वल दुरून दिसत नाही, त्यामुळे सशस्त्र, अनुभवी वाटाड्याशिवाय वस्तीची हद्द ओलांडू नये.

किनारा आणि आतला प्रदेश यांतला फरकही लक्षात घ्यावा. अटलांटिक महासागरातील उबदार प्रवाहामुळे ट्रोम्सोचे बंदर हिवाळ्यातही गोठत नाही आणि डिसेंबरातील सरासरी तापमान शून्याच्या काही अंशच खाली असते, पण हाच समुद्र ढग, पाऊस आणि ओला बर्फही आणतो. डोंगररांगा ओलांडून आत गेले की हवा कोरडी, आकाश मोकळे आणि थंडी कितीतरी कडक होते. नॉर्वेतील स्किबोत्नचे खोरे, फिनलंडमधील किल्पिसयार्वी आणि स्वीडनमधील अबिस्को ही गावे यासाठी प्रसिद्ध आहेत. किनाऱ्यावर मुक्काम करून आकाश भरलेले असेल त्या दिवशी आत जाण्याची सोय ठेवणे, ही माझ्या मते सर्वांत शहाणपणाची व्यवस्था आहे. रस्त्यावर बर्फाचा काच झालेला असतो आणि अंधारात रानटी किंवा पाळीव हरणे आडवी येतात, म्हणून हिवाळ्यात गाडी चालवण्याची सवय नसेल तर चालक दुसरा असावा.

घड्याळातील मध्यान्ह आणि आकाशातील मध्यान्ह

सूर्य सर्वांत वर, किंवा येथे सर्वांत कमी खाली, येतो तो क्षण बाराच्या ठोक्याला येईलच असे नाही. नॉर्वेचे हिवाळी घड्याळ १५ अंश पूर्व रेखांशाचे आहे आणि ट्रोम्सो सुमारे १९ अंशांवर आहे. प्रत्येक अंशामागे चार मिनिटे धरली तर आकाशातील मध्यान्ह सोळा मिनिटे आधी येते, आणि या दिवसांत पृथ्वीच्या गतीमुळे आणखी दोन मिनिटांचा फरक पडतो. म्हणून ट्रोम्सोतील खरी मध्यान्ह ११ वाजून ४२ मिनिटांनी होते. याच रीतीने काढल्यास ती रोव्हानिएमीत सव्वाबाराला, तर रेक्याविकमध्ये चक्क दीड वाजत आला असताना येते. जे लोक बाराला जेवून एकला बाहेर पडतात, त्यांनी ट्रोम्सोत उजेडाचा उत्तम भाग आधीच गमावलेला असतो.

ट्रोम्सोचा त्या दिवसाचा पूर्ण हिशेब असा बसतो. पहाटे साडेसहाच्या सुमारास खगोलीय संधिप्रकाश सुरू होतो, पावणेआठला नाविक, साडेनऊला नागरी. पावणेदोन ते दोनच्या दरम्यान नागरी संधिप्रकाश संपतो, दुपारी साडेतीननंतर थोड्याच वेळात नाविक संपतो, आणि संध्याकाळी पाचपासून पूर्ण रात्र होते. हे आकडे निरभ्र आकाशाचे आहेत. दाट ढग असतील तर दोन्ही बाजूंनी अर्धा-पाऊण तास कमी धरावा.

उजेडाचे चार तास

सकाळी साडेआठलाच बाहेर पडावे. त्या वेळी आकाशात ठळक तारे अजून असतात, पण डोंगरांच्या कडा सुटू लागलेल्या असतात. डोक्यावरचा दिवा आणि फोनचा पडदा शक्य तितका बंद ठेवावा, कारण मंद उजेडाला डोळा सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका क्षणाच्या प्रखर प्रकाशाने तो सराव मोडतो. डोळे सरावलेल्या माणसाला आजूबाजूचा बर्फ स्वतःच उजळल्यासारखा दिसतो. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा आठ-नऊ दशांश भाग परत फेकतो, म्हणून बर्फ नसलेल्या डिसेंबरपेक्षा बर्फाळ डिसेंबर कितीतरी उजळ असतो.

नऊनंतर सगळा परिसर निळा होतो. हा निळा रंग दिवसाच्या आकाशाच्या निळ्याहून वेगळ्या कारणाने येतो. सूर्य क्षितिजाखाली असताना त्याचे किरण वातावरणातून फार लांबचा तिरका मार्ग कापतात, आणि त्या मार्गावरील ओझोन वायू नारिंगी-पिवळ्या भागातील प्रकाश शोषून घेतो. उरतो तो खोल, शांत निळा. इतर ठिकाणी ही कातरवेळ येते आणि डोळ्यांदेखत सरते. येथे सूर्य क्षितिजाखालून जवळजवळ समांतर सरकत असल्यामुळे ती तासन् तास टिकते.

अकरा ते साडेबारा हा गाभ्याचा काळ. या वेळी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. क्षितिजालगत शेंदरी, त्यावर पिवळसर, मग फिकट हिरवटपणाकडे झुकणारी एक पट्टी आणि तिच्यावर निळा, असे थर दिसतात. तांबडे फुटले आहे, आता सूर्य येणारच, असे क्षणोक्षणी वाटत राहते आणि सूर्य येत नाही. दर दहा मिनिटांनी मात्र मागे वळून उत्तरेकडेही पाहावे, कारण तिकडच्या बर्फाच्छादित शिखरांवर आणि त्यांच्यामागच्या आकाशावर फिकट गुलाबी झाक चढलेली असते. बहुतेक लोक दक्षिणेकडेच पाहत राहतात आणि हा अर्धा देखावा त्यांच्या पाठीमागेच राहतो. दक्षिणेकडचा भडक पट्टा मावळत चालला की पश्चिमेकडे सरकतो. त्याच्या सरकण्याकडे लक्ष ठेवले तर सूर्य न दिसताही त्याचा मार्ग समजतो.

उभे राहण्यासाठी ट्रोम्सोत तीन जागा चांगल्या आहेत. स्टोरस्टाइनेन या ४२१ मीटर उंचीच्या कड्यावर रोपवे जातो आणि तेथून बेट, पूल आणि सामुद्रधुनी एका नजरेत येतात. तेथून सूर्य दिसेल अशी आशा मात्र ठेवू नये. एवढ्या उंचीवरून क्षितिज सुमारे ०.६ अंश खाली जाते आणि सूर्य तीन अंश खाली असतो, त्यामुळे हिशेब जुळत नाही. दहा किलोमीटर उंचीवरील विमानातून भर मध्यान्ही तो क्षितिजावर दिसू शकतो, हे विमानाची वेळ निवडताना लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसरी जागा बेटाच्या माथ्यावरील प्रेस्टव्हानेट तळे, जिथे गोठलेल्या पाण्याभोवती पायवाट आहे आणि वारा कड्यापेक्षा कमी लागतो. तिसरी जागा बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल. तेथे वारा बोचरा असतो, पण उत्तर आणि दक्षिण या दोन्ही दिशा मोकळ्या मिळतात.

छायाचित्रे घ्यायची असतील तर कॅमेऱ्यातील रंगसंतुलन स्वयंचलित ठेवू नये. यंत्र निळ्या रंगाला चूक समजून तो पुसून टाकते आणि नंतर चित्र पाहणाऱ्याला साधा ढगाळ दिवस दिसतो. ते दिवसाच्या उन्हासाठी असलेल्या ठरावीक मांडणीवर ठेवावे. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवावी, आणि आत येण्यापूर्वी कॅमेरा बंद पिशवीत घालून ती तशीच तासभर राहू द्यावी, म्हणजे भिंगावर दव धरत नाही.

याच काळात क्वचित एक दुर्मीळ दृश्य दिसते. पंधरा ते पंचवीस किलोमीटर उंचीवर तापमान उणे ७८ अंशांच्याही खाली गेले की तेथे अतिसूक्ष्म बर्फकणांचे ढग तयार होतात. एवढ्या उंचीवर सूर्यप्रकाश पोहोचत असल्यामुळे खाली संधिप्रकाश असताना हे ढग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे रंगीत चमकतात. नॉर्वेजियन भाषेत त्यांना मोत्याच्या शिंपल्यावरूनच नाव पडले आहे. ते दिसल्यास बाकी सारे बेत बाजूला ठेवून थांबावे.

कपडे

या उजेडाचा आनंद थांबून, उभे राहूनच घेता येतो, आणि उभ्या माणसाला चालणाऱ्यापेक्षा खूप अधिक कपडे लागतात. अंगाला लागून लोकरीचे कपडे घालावेत. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग तोच अंग गारठवतो. त्यावर जाड लोकर किंवा फ्लीस, आणि सर्वांत वर वारा अडवणारा थर. बोटे सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा बोटे एकत्र राहणारे मोजे जास्त ऊब देतात. बूट दोन मोजे घालूनही बोटे हलतील एवढे सैल असावेत. उणे १० अंशांच्या हवेत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखे लागते, म्हणून अंदाज पाहताना तापमानाइतकेच वाऱ्याकडे लक्ष द्यावे. बुटांखाली लावायचे लोखंडी काटे आणि कपड्यांवर लावायच्या प्रकाशपरावर्तक पट्ट्या या दोन स्वस्त वस्तू तेथील लोक रोज वापरतात. या दिवसांत होणारे अपघात बहुतांशी घसरण्याचे किंवा चालकाला माणूस न दिसल्याचे असल्यामुळे त्या टाळू नयेत.

अंधार पडल्यावर

संध्याकाळचा बेत चंद्र पाहून ठरवावा. डिसेंबरातील पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे आकाशात खूप उत्तरेकडे असतो, आणि म्हणून ट्रोम्सोच्या अक्षांशावर पौर्णिमेच्या आसपासचे काही दिवस तो मावळतच नाही. सूर्य सतत खाली आणि चंद्र सतत वर, अशी ही अदलाबदल पाहण्यासारखी असते. २०२६ मध्ये पौर्णिमा २४ डिसेंबरला येते, त्यामुळे त्या वर्षीचा अयनकाळ चांदण्याचा असेल. अमावास्येच्या बाजूला मात्र चंद्र दिवसच्या दिवस क्षितिजावर येत नाही आणि तारे अत्यंत दाट दिसतात.

ध्रुवीय प्रकाशासाठी, म्हणजे रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशपट्ट्यांसाठी (अरोरा), अयनदिनाचे विशेष महत्त्व नाही. उलट मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांजवळ तो सरासरीने अधिक वेळा सक्रिय असतो. लांब रात्रीमुळे पाहायला वेळ जास्त मिळतो, एवढाच डिसेंबरचा फायदा. म्हणून तो या प्रवासाचा एकमेव हेतू करू नये. संध्याकाळी सहा ते मध्यरात्र या वेळात आकाश मोकळे असेल तर उत्तरेकडे आणि डोक्यावर नजर ठेवावी. प्रथम तो राखाडी ढगाच्या पट्ट्यासारखा वाटतो आणि तीव्र झाल्यावरच हिरवा दिसतो. स्वालबारमध्ये दुपारीही पुरेसा अंधार असल्यामुळे तेथे दिवसा ध्रुवीय प्रकाश पाहता येतो, आणि त्याच्या अभ्यासासाठी तेथे वेधशाळाही आहे.

अधिक दिवस राहणाऱ्यांसाठी

नॉर्वेत या काळाला 'अंधारकाळ' अशा अर्थाचा शब्द आहे आणि फिनलंडमध्ये 'कामोस'. आठवडाभर राहणाऱ्यालाही दुपारी तीनला झोप आणि रात्री दोनला जाग असा त्रास सुरू होतो. रोज एकाच वेळी उठणे आणि मध्यान्हीचा तास न चुकता बाहेर काढणे हे दोन नियम ढगाळ दिवशीही पाळावेत, कारण खिडकीतून येणाऱ्या उजेडापेक्षा बाहेरचा उजेड नेहमीच जास्त असतो. महिनोन् महिने राहणारे लोक सकाळी वीस ते तीस मिनिटे १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसतात. डोळ्यांचा किंवा मनोविकाराचा काही त्रास असेल तर हा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा. सूर्यच नसल्यामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि म्हणून तेथे हिवाळ्यात कॉड माशाच्या यकृताचे तेल घेण्याची जुनी रीत आहे.

शक्य असल्यास दुसरी भेट जानेवारीसाठी राखावी. ट्रोम्सोत गणिताप्रमाणे सूर्य १५ जानेवारीच्या सुमारास क्षितिजावर येतो, पण दक्षिणेकडचे डोंगर तो आणखी काही दिवस अडवतात, म्हणून तेथील सूर्यदिन २१ जानेवारीला धरतात आणि त्या दिवशी जॅम भरलेले गोल तळीव पाव खातात. लाँगयिअरब्येनच्या लोकांना ८ मार्चपर्यंत वाट पाहावी लागते. त्या दिवशी ते जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी जमतात आणि गावात येणारे पहिले ऊन त्या पायऱ्यांवर पडते का, हे पाहत उभे राहतात.